पहिला बेसबॉल सामना बघायचाय? कोनी आयलंडला चला

न्यू यॉर्क-न्यू जर्सीत नवीन आलेल्या मराठी माणसाची बेसबॉलशी पहिली ओळख बहुतेक वेळा एकाच पद्धतीने होते. ऑफिसमधलं कुणीतरी मोठ्या स्टेडियमची तिकिटं काढतं. जागा मिळते पार वरच्या मजल्यावर. खाली मुंगीएवढी माणसं पळताना दिसतात, मध्येच सगळे उठून ओरडतात, आपणही ओरडतो, आणि कशासाठी ओरडलो ते घरी आल्यावरही कळत नाही. माझं अगदी असंच झालं होतं. त्यानंतर चार वर्षं मी बेसबॉलकडे फिरकले नाही.

मग एका उन्हाळ्यात बाबा साताऱ्याहून आले. आयुष्यभर क्रिकेट खेळलेला माणूस, जर्सी सिटीतल्या फ्लॅटमध्ये किती बसणार? त्यांना समुद्र दाखवायला म्हणून ब्रुकलिनच्या कोनी आयलंडला नेलं आणि समुद्राला लागूनच असलेल्या छोट्या स्टेडियमची तिकिटं सहज काढली. त्या संध्याकाळी आम्हा दोघांनाही हा खेळ पहिल्यांदा कळला. तेव्हापासून जो कुणी विचारतो त्याला मी हेच सांगते: सुरुवात मोठ्या स्टेडियमपासून करू नका, मायमोनिडीज पार्कपासून करा. आता विचारणारे इतके झालेत की एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी हे मैदान काय आहे ते समजून घ्या

अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलची उतरंड आहे. सगळ्यात वर मेजर लीगचे 30 संघ. प्रत्येक संघाच्या हाताखाली वेगवेगळ्या पायरीचे चार संघ असतात: वरून खाली ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए. म्हणजे असे 120 संघ, आणि या सगळ्याला मायनर लीग म्हणतात. मायमोनिडीज पार्कवर खेळणारा ब्रुकलिन सायक्लोन्स हा न्यू यॉर्क मेट्स या मेजर लीग संघाचा हाय-ए संघ. 2021 साली मायनर लीगची नव्याने आखणी झाली तेव्हा तो या पायरीवर आला. त्याआधी तो जूनमध्ये सुरू होऊन सप्टेंबरला संपणाऱ्या छोट्या हंगामाच्या लीगमध्ये खेळायचा.

हाय-ए म्हणजे साधारण विशी-बाविशीची मुलं. कुणी अमेरिकन कॉलेजातून आलेलं, कुणी डॉमिनिकन रिपब्लिक किंवा व्हेनेझुएलातून सोळा-सतराव्या वर्षी करार करून आलेलं. यांतले बहुतेक जण मेजर लीगपर्यंत कधीच पोहोचत नाहीत. जे पोहोचतात ते मात्र इथूनच जातात. पीट अलोन्सो 2016 मध्ये याच मैदानावर खेळला, पुढे त्याने मेट्सकडून होम रनचे, म्हणजे आपल्या सिक्सरसारखा चेंडू थेट मैदानाबाहेर मारण्याचे, विक्रम केले. त्याला इथे पाचव्या रांगेतून बघितलेले लोक आजही ते अभिमानाने सांगतात.

या मुलांचा पगार त्यांचा संघ तिकिटांच्या पैशातून देत नाही, वरचा मेट्स क्लब देतो. बरीच वर्षं हा पगार फार कमी होता. 2023 मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिल्यांदा सामूहिक करार झाला, तेव्हा हाय-एचा किमान वार्षिक पगार सुमारे 11 हजार डॉलरवरून 27 हजारांच्या पुढे गेला. हे मुद्दाम सांगते, कारण समोर पळणारा मुलगा कोट्यधीश स्टार नाही हे माहीत असलं की सामना वेगळ्या नजरेने बघितला जातो.

स्टेडियम 2001 साली उघडलं. ब्रुकलिनचा जुना लाडका संघ डॉजर्स 1957 चा हंगाम संपल्यावर लॉस एंजेलिसला निघून गेला होता. नंतर चार दशकांहून जास्त काळ ब्रुकलिनला स्वतःचा व्यावसायिक संघ नव्हता. तो या मैदानावर परत आला. त्यामुळे इथल्या जुन्या माणसांची या छोट्या संघावरची माया त्याच्या पायरीपेक्षा बरीच मोठी आहे. ज्या जागेवर स्टेडियम उभं आहे तिथे 1897 ते 1964 या काळात स्टीपलचेस पार्क नावाचं प्रसिद्ध मनोरंजन उद्यान होतं. मैदानाला नावं आत्तापर्यंत तीन मिळाली: आधी कीस्पॅन पार्क, मग एमसीयू पार्क, आणि 2021 पासून मायमोनिडीज पार्क. कुणी जुनं नाव सांगितलं तर गोंधळू नका, मैदान तेच.

जागा सुमारे 7,000. वानखेडेवर 33 हजारांच्या आसपास माणसं बसतात, त्यावरून अंदाज घ्या. इथे शेवटच्या रांगेतूनही खेळाडूचा चेहरा दिसतो आणि कॅचरच्या, म्हणजे इथल्या विकेटकीपरच्या, ग्लोव्हमध्ये चेंडू बसल्याचा ‘थप्प’ असा आवाज ऐकू येतो. खेळ शिकायला हा आवाज फार उपयोगी पडतो.

दिवस निवडताना

हंगाम एप्रिलच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालतो. पाहुणा संघ मंगळवारी येतो आणि रविवारपर्यंत सलग सहा सामने खेळून जातो. सोमवारी सुट्टी. मग पुढचा आठवडा आपला संघ परगावी असतो. म्हणून तारीख ठरवण्याआधी वेळापत्रकात सामना ‘होम’ आहे ना, हे बघा. ही चूक नवीन लोक हमखास करतात.

एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर माझं ऐका, जॅकेट घ्या. मॅनहॅटनमध्ये घाम येत असला तरी अटलांटिकवरून येणारा वारा संध्याकाळी सातनंतर हाडात शिरतो. भारतातून आलेल्या आईबाबांना नेताना कानटोपीसुद्धा पर्समध्ये असू द्या, कुणी हसत नाही. जून ते ऑगस्ट सगळ्यात छान. त्या दिवसांत शुक्रवारी रात्री कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर आतषबाजी असते, त्यामुळे शुक्रवार निवडलात तर गर्दी जास्त, पण मुलांची दिवाळी.

काही सामन्यांना पहिल्या काही प्रेक्षकांना टोपी किंवा मान हलवणारी खेळाडूची बाहुली फुकट देतात. ती हवी असेल तर दार उघडण्याच्या वेळेला रांगेत उभं राहावं लागतं, सामना सुरू होताना पोहोचून मिळत नाही.

आणि पाऊस. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये सँडी वादळात समुद्राचं पाणी या मैदानात शिरलं, गवत मिठाने गेलं, तेव्हा पुढच्या हंगामापासून इथे कृत्रिम गवत घातलं. त्यामुळे रिपरिप थांबली की खेळ लवकर सुरू होऊ शकतो. मोठा पाऊस झाला तर सामना पुढे ढकलतात आणि बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी दोन सामने पाठोपाठ लावतात. त्याला डबलहेडर म्हणतात, आणि मायनर लीगमध्ये त्यातला प्रत्येक सामना नऊऐवजी सात डावांचा असतो. रद्द झालेल्या सामन्याचं तिकीट फेकू नका, बदलून घेण्याचे नियम तिकिटावर आणि संघाच्या संकेतस्थळावर दिलेले असतात.

कुठे बसायचं

तिकीट संघाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा, आणि नकाशा उघडून एकच प्रश्न स्वतःला विचारा: समोर काय दिसायला हवं?

मैदानाच्या दक्षिणेला फळ्यांचा लांबच लांब बोर्डवॉक, त्याच्या पलीकडे वाळू आणि समुद्र. पूर्वेला पाळणे आणि रोलर कोस्टर. बॅटरने पळत गाठायच्या टप्प्यांना बेस म्हणतात: त्याच्या उजव्या हाताला पहिला, डाव्या हाताला तिसरा. तिसऱ्या बेसच्या बाजूला बसलात तर नजर उजव्या फील्डकडे, म्हणजे पहिल्या बेसच्या पलीकडच्या भागाकडे, जाते आणि तिथे पॅराशूट जंपचा उंच लाल सांगाडा दिसतो. हा मनोरा 1939 च्या न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधला होता, तो 1941 मध्ये इथे आणून उभा केला. त्यातून उड्या मारणं साठच्या दशकात बंद झालं, पण रात्री त्याच्यावर दिवे लागतात. पहिल्या बेसच्या बाजूला बसलात तर डाव्या फील्डच्या मागे वंडर व्हील नावाचा 1920 सालचा मोठा पाळणा फिरताना दिसतो, आणि संध्याकाळचा सूर्य पाठीशी राहतो. बाबांना घेऊन जाणाऱ्याने पहिल्या बेसची बाजू घ्यावी. फोटो काढायचे असतील त्याने तिसऱ्याची.

लहान मुलं बरोबर असतील तर होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या मागे, जाळीच्या आड बसा. हे मी कळकळीने सांगतेय. बॅटला चुकीचा लागलेला चेंडू प्रेक्षकांत किती वेगाने येतो याची क्रिकेट बघितलेल्या माणसाला कल्पना नसते, कारण आपल्याकडे चेंडू प्रेक्षकांपर्यंत जातो तो उंच उडून. इथे तो सरळ रेषेत, छातीच्या उंचीवर येऊ शकतो. जाळी नसलेल्या जागी बसलात तर पिचरने, म्हणजे बोलरने, हात उचलला की फोन खाली.

कसं पोहोचायचं

गाडी नेऊ नका. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी अख्खं न्यू यॉर्क समुद्रावर जायला निघालेलं असतं, आणि पार्किंग शोधण्यात पहिले दोन डाव जातात.

सबवेच्या डी, एफ, एन आणि क्यू या चारही गाड्यांचं शेवटचं स्टेशन एकच, कोनी आयलंड–स्टिलवेल अव्हेन्यू. त्यामुळे चुकून पुढे जाण्याची भीतीच नाही. गाडी रिकामी झाली की उतरायचं. मॅनहॅटनच्या मध्यापासून साधारण तास धरा.

जर्सी सिटीवाल्यांनी पाथ गाडीने 33व्या स्ट्रीटला यावं. तिथेच हेराल्ड स्क्वेअर स्टेशनात या चारही गाड्या मिळतात. एडिसन, मेट्रोपार्क, न्यू ब्रन्सविककडचे लोक एनजे ट्रान्झिटने पेन स्टेशनला येतात, तिथून हेराल्ड स्क्वेअर चालत एका ब्लॉकवर. सबवेत बँकेचं कार्ड किंवा फोन टेकवून आत जाता येतं. कुटुंबातल्या प्रत्येकाला पहिल्यांदा वेगवेगळं कार्ड दिलेलं बरं.

एफ सोडून बाकीच्या तिन्ही गाड्या दिवसा मॅनहॅटन ब्रिजवरून नदी ओलांडतात. त्यातली क्यू घ्या. पुलावरून खाली ईस्ट रिव्हर आणि शेजारी ब्रुकलिन ब्रिज दिसतो, आणि शेवटच्या टप्प्यात ती ब्रायटन बीचवरून उंच रुळांवरून जाते, घरांच्या फटीतून समुद्र दिसायला लागतो. बाबा त्या दहा मिनिटांत खिडकीला चिकटून होते, गप्प. गप्प बसलेले बाबा फार क्वचित दिसतात.

स्टेशनातून बाहेर आलात की समोर सर्फ अव्हेन्यू. नाक्यावर 1916 पासूनचं नेथन्सचं हॉट डॉगचं दुकान आहे. तिथून उजवीकडे वळून पाच-सात मिनिटं सरळ चाला. स्टेडियम डाव्या हाताला.

सामन्याआधीचा एक तास

सामन्याच्या तासभर आधी पोहोचा. घरून दशम्या, चटणी, दाण्याचा लाडू आणला असेल तर तो बोर्डवॉकच्या बाकावर किंवा वाळूत बसून खाऊन घ्या, कारण आत बाहेरचं खाणं आणि मोठ्या बॅगा यांवर बंधनं असतात. ती निघण्याआधी संकेतस्थळावर बघून ठेवा. किनाऱ्यावर जायला पैसे लागत नाहीत. पाण्यात मात्र लाइफगार्ड हजर असतील तेव्हाच उतरायचं. मुलं हट्ट करतील, तरीही.

आत शिरण्याआधी बाहेरच्या ब्राँझच्या पुतळ्याजवळ थांबा. दोन खेळाडू, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर. ज्याच्या खांद्यावर हात आहे तो जॅकी रॉबिन्सन. 1947 मध्ये तो ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळायला उतरला तोपर्यंत मेजर लीगने कितीतरी दशकं काळ्या खेळाडूंना दार बंद ठेवलं होतं. प्रेक्षक त्याला शिव्या घालायचे. दुसरा पुतळा त्याचा सहकारी पी वी रीस, दक्षिणेतल्या केंटकीचा गोरा खेळाडू. सगळ्या स्टेडियमसमोर त्याने जाऊन रॉबिन्सनच्या खांद्यावर हात ठेवला, अशी आठवण सांगितली जाते, आणि तोच क्षण 2005 साली इथे उभा केला. पुढे मेजर लीगच्या सगळ्या संघांनी रॉबिन्सनचा 42 नंबर 1997 मध्ये कायमचा निवृत्त केला. ज्या घरात आंबेडकर जयंती साजरी होते त्या घरच्या मुलांना हा पुतळा काय सांगतो ते समजावायला फार वेळ लागत नाही. मी माझ्या भाच्याला सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, ‘म्हणजे त्याला पण पाणी वेगळं होतं का गं मावशी?’ हॉटेलं वेगळी होती, म्हटलं. जेवायच्या जागा वेगळ्या होत्या. पाण्याचे नळही वेगळे होते.

आता खेळ: क्रिकेट येणाऱ्यासाठी

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण हे कळलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ.

नऊ डाव. प्रत्येक डावात दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात आणि तीन जण आउट झाले की बाजू बदलते. सामना बरोबरीत सुटत नाही, निकाल लागेपर्यंत खेळतात. मायनर लीगमध्ये 2018 पासून जादा डाव सुरू झाला की दुसऱ्या बेसवर एक रनर आयताच उभा करतात, म्हणजे निकाल लवकर लागावा.

पिचर उंचवट्यावरून चेंडू टाकतो. अंतर 60 फूट 6 इंच, आपल्या 22 यार्डांपेक्षा, म्हणजे 66 फुटांपेक्षा थोडं कमी. चेंडू टप्पा घेत नाही. सगळी करामत हवेत. बॅटरसमोर एक अदृश्य चौकट आहे: रुंदी होम प्लेटएवढी, 17 इंच, उंची गुडघ्यापासून साधारण छातीच्या खालपर्यंत. चेंडू त्या चौकटीतून गेला आणि बॅटरने मारला नाही तर स्ट्राइक. बॅट फिरवून चुकला तरी स्ट्राइक. चौकटीबाहेर गेला आणि बॅटरने सोडला तर बॉल. तीन स्ट्राइक, बॅटर आउट. चार बॉल, बॅटर चालत पहिल्या बेसवर, फुकट. क्रिकेटमध्ये बाहेरचा चेंडू सोडणं ही बचावाची गोष्ट आहे, इथे चेंडू सोडणं हे पाऊल पुढे टाकणं आहे. हे एक कळलं की अर्धा खेळ कळला. ‘हा मारत का नाही?’ असं बाबा पहिले तीन डाव म्हणत होते. चौथ्या डावात ते म्हणाले, ‘सोड, सोड, बाहेर आहे!’

होम प्लेटपासून दोन पांढऱ्या रेषा काटकोनात बाहेर जातात. चेंडू त्यांच्या आत पडला तरच रन काढायचा. मागे किंवा बाजूला गेला तर फाउल. म्हणजे लेग ग्लान्स नाही, लेट कट नाही. फाउल हा स्ट्राइक मोजतात, पण फक्त दुसऱ्या स्ट्राइकपर्यंत. तिसरा स्ट्राइक साध्या फाउलने होत नाही, म्हणून कधीकधी एकच बॅटर दहा-बारा चेंडू चिवटपणे खेळत राहतो. आपल्याकडच्या खडूस बॅट्समनची आठवण येईल.

चेंडू आत मारला की पळावंच लागतं, क्रिकेटसारखं ‘नो, नो’ म्हणून जागेवर राहता येत नाही. बेसमधलं अंतर 90 फूट. बॅटर पोहोचण्याआधी चेंडू पहिल्या बेसवरच्या खेळाडूच्या ग्लोव्हमध्ये आला तर आउट. चारही बेस पार करून घरी आला की एक रन. म्हणून तीन-चार रनसुद्धा मोठी गोष्ट आहे. 3-2 हा दमदार सामना असतो, कंटाळवाणा नव्हे.

स्कोअरबोर्डवर डावांचे आकडे आडवे आणि शेवटी तीन अक्षरं: आर म्हणजे रन, एच म्हणजे हिट, चेंडू मारून सुखरूप गाठलेला बेस, ई म्हणजे एरर, क्षेत्ररक्षकाची चूक. चूक जाहीरपणे मोजून फलकावर लावणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. विशीतल्या मुलाच्या हातून सुटलेला साधा चेंडू फलकावर चमकत राहतो आणि पुढचे दोन तास तो त्याच फलकाच्या साक्षीने खेळत असतो. पुढच्या वेळी त्याच्याकडे चेंडू आला आणि त्याने नीट अडवला की जाणकार लोक हळूच टाळ्या वाजवतात. तुम्हीही वाजवा.

या पायरीवर अंपायर दोनच असतात, चार नव्हे. एक प्लेटमागे, एक मैदानात पळत.

आमच्या शेजारी त्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, मांडीवर वही, कानावर पेन्सिल. बाबांचं इंग्रजी बेताचं, त्यांचं बोलणं ब्रुकलिनचं. तरी दोघांचं जमलं, कारण वही. प्रत्येक जागेला नंबर असतो: पिचर 1, कॅचर 2, पहिला बेस 3, दुसरा बेस 4, तिसरा बेस 5, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप 6, डावं फील्ड 7, मधलं 8, उजवं 9. पाचव्या डावात शॉर्टस्टॉपने जमिनीवरचा चेंडू उचलला, दुसऱ्या बेसकडे फेकला, तिथून तो पहिल्या बेसकडे गेला, एका चेंडूत दोन आउट. म्हाताऱ्यांनी वहीत लिहिलं 6-4-3 आणि पेन्सिल बाबांच्या हातात दिली. पुढचा बॅटर स्ट्राइकवर आउट झाला. म्हाताऱ्यांनी हवेत बोटाने अक्षर काढून दाखवलं आणि बाबांनी के लिहिला. बॅटरने बॅटच फिरवली नाही आणि तिसरा स्ट्राइक गेला तर हाच के उलटा काढतात.

ही वही लिहायची पद्धत रूढ केली ती हेन्री चॅडविक या पत्रकाराने. इंग्लंडमध्ये 1824 साली जन्मलेला, लहानपणी ब्रुकलिनला आलेला, आणि आधी न्यू यॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा माणूस. क्रिकेटचा धावफलक मनात ठेवूनच त्याने बेसबॉलचा तयार केला. तो ब्रुकलिनच्याच ग्रीन-वुड दफनभूमीत पुरलेला आहे. म्हणून स्कोअरकार्ड लिहिताना परकं वाटून घेऊ नका, ते आपल्याच ओळखीचं आहे. साधी वही आणि पेन्सिल घरून न्या.

दोन गोष्टी या मैदानाच्याच. एक, वारा. उन्हाळ्यात तो बऱ्याचदा समुद्राकडून आत येतो. उजवीकडे उंच उडालेला चेंडू बघून होम रन म्हणून उठाल, आणि तो हवेत अडकल्यासारखा होऊन भिंतीच्या अलीकडे झेलला जाईल. इथे बॅटरचे आकडे कमी दिसतात त्यात वाऱ्याचा वाटा मोठा आहे. दोन, पिचर उत्तम टाकत असतानाही त्याला मध्येच काढतात. कारण इथे जिंकण्याइतकंच, कधी त्याहून जास्त, महत्त्व मुलाचा खांदा सांभाळण्याला असतं. किती चेंडू टाकू द्यायचे ते मेट्सकडून आधीच ठरलेलं असतं. कधी दुखापतीतून उठलेला मेट्सचा मोठा खेळाडूही एक-दोन सामने सरावासाठी इथे खेळून जातो. त्या दिवशी तिकिटं लवकर संपतात.

खाणं

हॉट डॉग म्हणजे बीफ, असं धरूनच चाला. न खाणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि ज्यांना चालतं त्यांनी खुशाल घ्यावं. शाकाहारी माणसाला फ्राइज, मीठ लावलेला मोठा प्रेट्झेल, पॉपकॉर्न, शेंगा आणि आइसक्रीम मिळतं. उपवास असेल तर त्या दिवशी जाऊच नका. सालासकट भाजलेल्या शेंगा मात्र घ्याच. फोडून टरफलं पायाशी टाकायची, इथे तीच रीत आहे. बाबांना यात फार समाधान वाटलं.

वागण्याच्या चार गोष्टी

राष्ट्रगीताला उभं राहून टोपी काढायची. बॅटर खेळत असताना पायऱ्यांवरून ये-जा टाळायची, बाजू बदलताना उठायचं. सातव्या डावाच्या मध्यावर सगळे उभे राहून एक जुनं गाणं म्हणतात. शब्द येत नसतील तरी उभे राहा, दुसऱ्या सामन्यापर्यंत पाठ होतं.

आणि चेंडू. तुमच्याकडे आलेला चेंडू तुमचा. परत द्यायचा नाही. बाबांच्या पायाशी एक घरंगळत आला तेव्हा ते सवयीने उठले आणि मैदानात परत फेकायला हात मागे नेला. पाच-सहा जण एकदम ‘नो, नो!’ म्हणून ओरडले. मग त्यांनी तो पुढच्या रांगेतल्या एका छोट्या मुलीला दिला. हेही रीतीला धरूनच आहे, शेजारी लहान मूल असेल तर द्यावा. त्याबद्दल आमच्या अख्ख्या विभागाने टाळ्या वाजवल्या.

परतताना

सामना अडीच-तीन तासांत संपतो. मेजर लीगमध्ये 2023 ला आलेलं पिच क्लॉक, म्हणजे ठरलेल्या सेकंदांत चेंडू टाकायला लावणारं घड्याळ, आधी मायनर लीगमध्येच वापरून बघितलं होतं, त्यामुळे पिचर आता रेंगाळत नाही. काही सामन्यांनंतर मुलांना मैदानात उतरून बेसभोवती पळू देतात, ते वेळापत्रकात लिहिलेलं असतं. अशा दिवशी घाई करू नका.

सबवे रात्रभर चालते, पण पाथ आणि एनजे ट्रान्झिट रात्री विरळ होतात. एडिसनकडच्या लोकांनी पेन स्टेशनवरून सुटणाऱ्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा सामन्याला निघण्याआधी फोनमध्ये लिहून ठेवाव्यात आणि आठव्या डावात एकदा घड्याळ बघावं. स्टिलवेल अव्हेन्यूला पोहोचलात की प्लॅटफॉर्मवर डी, एफ, एन, क्यू यांपैकी दोन-तीन गाड्या दार उघडून उभ्या असतात. येताना जशी क्यू निवडली तशी आता निवडत बसू नका. चारही हेराल्ड स्क्वेअरलाच जातात. फलकावर जी आधी सुटणार असेल तिच्यात शिरा, आणि दमलेल्या आईबाबांसाठी दाराजवळची जागा पकडा.